बसफुगडीतून उठता येईना : थायरॉइड, व्यायाम आणि एक ‘नॉर्मल’ रिपोर्ट

रुग्ण ४४ वर्षांच्या, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. वजन ६४ किलो. दोन वर्षांपूर्वी हायपोथायरॉइडिझमचं, म्हणजे थायरॉइड हार्मोन कमी पडण्याचं, निदान झालं. तेव्हा टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं) २८ होतं आणि थायरॉइडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडं भरपूर वाढलेली, म्हणजे कारण हाशिमोटो, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा ग्रंथीवरचा हल्ला. तेव्हापासून रोज ७५ मायक्रोग्रॅम लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना ‘बाई’च म्हणते, गावातही सगळे तसंच म्हणतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गोळीचा डोस ठरवणं माझं काम नाही आणि या प्रकरणात मी तो ठरवलेलाही नाही. पण थायरॉइडचा रुग्ण डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बसतो आणि आमच्यासमोर तासभर उठतो, बसतो, चालतो, दमतो. त्यामुळे काही गोष्टी आम्हाला आधी दिसतात.

तक्रार

बाई आल्या त्या एप्रिलच्या अखेरीला, हातात गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, चार-साडेचार महिने होते. आमच्याकडे चवथीच्या दिवसांत वाड्यावरच्या बायका रात्री घरोघरी जाऊन माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली) फुगड्या घालतात. हल्ली स्पर्धाही होतात. बाई त्यांच्या गटाच्या म्होरक्या. उभ्याची फुगडी त्यांना अजून जमत होती, अडचण बसफुगडीची होती. समोरासमोर उकिडवं बसायचं, हात धरायचे आणि एक पाय पुढे एक मागे करत उड्या घेत राहायचं. तोंडाने गाणं चालूच. व्यायाम म्हणून पाहिलं तर जिममध्ये कोणी सहज सांगणार नाही इतका हा अवघड प्रकार आहे. गुडघा पूर्ण दुमडलेला, मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतोय, आणि शेवटी त्याच अवस्थेतून सरळ उठायचं.

“बसलें काय उठूंक जायना,” बाई म्हणाल्या. माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या बाई दमल्या की कोकणीवर येतात.

एक्स-रेमध्ये वयाला साजेशी किंचित झीज होती, उठता येऊ नये इतकी नव्हे. नेमकं कुठे दुखतं ते हात ठेवून दाखवा म्हटलं, तर त्यांचा पंजा गुडघ्यावर नाही, मांडीच्या पुढच्या बाजूवर पडला. नंतर कमरेच्या बाजूला. आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बाईचं काहीही दुखलं की ते गुडघ्याच्या खात्यात जमा होतं.

व्यायामाचा इतिहास विचारला. वाळवंटीच्या काठाने सकाळी चाळीस मिनिटं चालणं पूर्वीपासूनचं. गेल्या दिवाळीपासून त्यात दम लागायला लागला, पाय जड वाटायला लागले, वजन तीन किलो वाढलं. ‘व्यायाम कमी पडतोय’ असा अर्थ लावून त्यांनी जानेवारीपासून जिम लावली. आठवड्यातून तीन दिवस बैठका, लंजेस, स्टेपर. पाय दुखतात म्हटल्यावर ट्रेनरने सांगितलं, “मॅडम, सुरुवातीला दुखतंच, सोडू नका.”

त्याचं म्हणणं एरवी खरं आहे. नव्या व्यायामाचं दुखणं एक ते तीन दिवस चढतं, पाचव्या दिवसापर्यंत ओसरतं, आणि तोच व्यायाम पुन्हा केला की दुसऱ्या खेपेला कमी दुखतं. निरोगी स्नायू इतकं शिकतोच. बाईंच्या बाबतीत उलटं घडत होतं. जिमला तीन महिने उलटले तरी दुखणं दर आठवड्याला वाढत होतं आणि सोमवारचं दुखणं शुक्रवारी शिल्लक असायचं. पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. या प्रकरणात मला पहिली शंका आली ती इथे.

तपासणीत काय दिसलं

विश्रांतीची नाडी ५६. रोज धावणाऱ्याची नाडी इतकी असते, पण जिना चढून धापा टाकणाऱ्या बाईची असायला नको. रक्तदाब १३८/९४, म्हणजे खालचा आकडा जास्त चढलेला. पापण्यांखाली सूज, कातडी कोरडी, आवाज घोगरा. आवाजाचं कारण बाईंच्या मते ‘तिसरीचा वर्ग’.

हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याची तीस सेकंदांची चाचणी घेतली. नऊ वेळा उठल्या. ही चाचणी मुळात वृद्धांसाठीची, आणि साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीलाही बारापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. मांड्या आणि कंबर कमजोर, पण पावलं आणि पंजे ठीक. कमजोरी धडाजवळच्या मोठ्या स्नायूंत, टोकांना नाही.

मग टाचेमागच्या जाड शिरेवर (कंडरेवर) रिफ्लेक्स तपासायची हातोडी मारली. पाऊल झटक्यात खाली गेलं आणि वर येताना सावकाश, जड, थांबत थांबत आलं. हायपोथायरॉइडिझमची ही जुनी खूण वैद्यकाच्या पुस्तकांत असते, आणि रक्ततपासण्या हाताशी आल्यापासून ती बघायला कोणी फारसं वाकत नाही. ती तशी का दिसते हे कळलं तर या आजारातला व्यायाम कसा असावा तेही कळतं. स्नायू आकुंचन पावतो तो पेशीत कॅल्शियम सुटल्यामुळे, आणि सैल पडतो ते कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतल्यावर. ओढून घेणारे पंप थायरॉइड हार्मोनच्या आज्ञेने बनतात. हार्मोन कमी पडला की पंप कमी पडतात आणि स्नायू सैल व्हायला वेळ घेतो. साठवलेल्या ग्लायकोजेनमधून झटपट ऊर्जा काढणंही मंदावतं, चपळ तंतूंची जागा हळू तंतू घेतात. हृदयाचा स्नायूही यातून सुटत नाही, तोही ठोक्यांच्या मध्ये पुरता सैल होत नाही. बाईंना दम लागत होता तो ‘स्टॅमिना नाही’ म्हणून नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट. फुगडीत जोडीदारणीचे हात घट्ट धरले की बाईंच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या यायच्या. रात्री हात झटकत उठावं लागायचं. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली जाते, त्याचं हे लक्षण. हायपोथायरॉइडिझममध्ये ऊतींत पाणी धरणारा पदार्थ साचतो आणि ही तक्रार बरीच आढळते.

म्हणजे शरीर एका सुरात सांगत होतं की थायरॉइड हार्मोन कमी पडतोय. बाईंनी पर्समधून पंधरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट काढून दिला. टीएसएच २.४, फ्री टी-४ (रक्तातला खुद्द थायरॉइड हार्मोन) १.९. पहिला अगदी मधोमध, आणि दुसरा प्रयोगशाळेच्या ०.८ ते १.८ या मर्यादेच्या किंचित वरच. तो बघून डॉक्टरांनी डोस ७५ वरून ५० करायचा विचार बोलून दाखवला होता. समोरच्या कागदावरून तसं वाटणं समजण्यासारखं होतं. त्याच रक्तात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १७८ निघालं होतं, ते उतरवायला स्टॅटिन या औषधाची चिठ्ठीही तयार होती.

गोळ्यांचा डबा

कागद आणि शरीर यांचं जमत नसेल तर मी माणसाला म्हणते, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. ‘औषधं’ म्हटलं तर लोक डॉक्टरांनी दिलेलीच आणतात, म्हणून ‘सगळ्या’ यावर जोर. दुसऱ्या दिवशी बाई प्लॅस्टिकचा डबा घेऊन आल्या. त्यात पाच प्रकार निघाले.

लिव्होथायरॉक्सिन पहाटे साडेपाचला, पण चहाच्या घोटासोबत. लगेच लोहाची गोळी, कारण गेलं वर्षभर पाळीत रक्तस्राव फार आणि हिमोग्लोबिन ९.८ वर आलेलं. ‘एकदम घेतलं की विसरायला होत नाही’ म्हणून कॅल्शियमही तेव्हाच. लोहाने जळजळ होते म्हणून आम्लता कमी करणारी गोळी, आठवड्यातून दोन-तीनदा. आणि केस गळतात म्हणून शेजारणीने सुचवलेली बायोटिनची गोळी, १० मिलिग्रॅमची.

हे नीट मांडून बघा. केस गळणं, पाळी जास्त जाणं, दमणूक, वजन, कोलेस्टेरॉल ही सगळी हायपोथायरॉइडिझमची स्वतःची लक्षणं आहेत. प्रत्येकावर वेगळा उपाय चालू होता आणि त्यांतले बरेच उपाय मूळ औषधाच्या आड येत होते. लोह आणि कॅल्शियम लिव्होथायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. चहा-कॉफी आणि खाणं शोषण कमी करतात, म्हणून गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही घ्यायचं नाही. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्यांनी गोळी पोटात नीट विरघळत नाही. बाईंना ७५ मायक्रोग्रॅम लिहून दिलेलं होतं. त्यातलं रक्तात किती पोहोचत होतं, देव जाणे.

पण मग टीएसएच वाढायला हवं होतं. ते २.४ कसं?

ते बायोटिनमुळे. थायरॉइडच्या तपासण्या करणाऱ्या बऱ्याच यंत्रांत, सगळ्या नव्हे, बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या दोन रेणूंच्या घट्ट जोडीचा उपयोग करतात. टीएसएच पकडणाऱ्या प्रतिपिंडाला बायोटिन लावलेलं असतं, ते स्ट्रेप्टाव्हिडिनच्या कणांना चिकटलं की यंत्राला संकेत मिळतो. रुग्णाच्या रक्तातच बायोटिनचा पूर असेल तर कणांवरच्या जागा तेच अडवतं. कदंब बस स्टँडवरच भरून निघाली की पुढच्या थांब्यावरचे बाहेरच राहतात, तसं. संकेत कमी आला की यंत्र टीएसएच कमी छापतं. फ्री टी-४ ची तपासणी उलट तत्त्वावर चालते, तिथे संकेत कमी म्हणजे हार्मोन जास्त. दोन्ही चुका मिळून कागदावर नेमकं उलटं चित्र उमटतं, आणि ते इतकं सुसंगत असतं की शंका येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. प्रौढ माणसाची बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या एका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून लोक ते रक्त काढणाऱ्याला सांगत नाहीत, आणि तोही विचारत नाही.

मी म्हापशाच्या एका फिजिशियनांना चिठ्ठी लिहिली. त्यात घोट्याचं रिफ्लेक्स, खुर्चीची चाचणी, गोळ्यांची यादी लिहिली आणि दोन विनंत्या केल्या. बायोटिन थांबवून थायरॉइडची तपासणी पुन्हा व्हावी, आणि सीपीके तपासणीही व्हावी (स्नायूला इजा झाली की हे द्रव्य रक्तात वाढतं). सीपीकेसाठी आठवडाभर जिम बंद ठेवायला बाईंना सांगितलं. जोरकस बैठकांनंतर निरोगी माणसाचंही सीपीके कित्येक दिवस चढलेलं राहतं, आणि मग आकडा आजाराचा की व्यायामाचा हे ठरवता येत नाही.

आठवड्याने टीएसएच १९.६ आलं, फ्री टी-४ ०.६, सीपीके ८६०. सीपीकेची वरची मर्यादा त्या प्रयोगशाळेत १७० होती. ईसीजीत नाडी सावकाश, बाकी ठीक. स्टॅटिन फिजिशियननी तूर्त बाजूला ठेवलं. हायपोथायरॉइडिझम आटोक्यात नसताना स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो, आणि थायरॉइड सुधारल्यावर एलडीएल आपसूक बरंच उतरतं. स्टॅटिनची ती चिठ्ठी दोन आठवडे आधी औषधाच्या दुकानात गेली असती तर पुढचं स्नायूंचं दुखणं ‘स्टॅटिनमुळे’ या नावाखाली वेगळ्याच वाटेने गेलं असतं.

वेळापत्रक

डोस फिजिशियननी वाढवला नाही. आधी आहे ती गोळी पोटात नीट जाऊ दे, सहा आठवड्यांनी बघू, असं ठरलं. लिव्होथायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं. पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच तिच्यामागून सावकाश येतं. दर पंधरा दिवसांनी तपासणी करून उपयोग नाही.

बाईंची खरी अडचण चहा होती. उठल्या उठल्या चहा नाही तर डोकं चालत नाही, आणि गोळीनंतर तासभर बसून राहायला वेळ कुणाला? यावर तोडगा त्यांच्या चालण्यातच होता. पाचला गोळी आणि पेलाभर पाणी, लगेच बाहेर, परत आल्यावर चहा. थांबायचा बराचसा वेळ फिरण्यातच गेला. हा बदल त्यांनी एका दिवसात अंगवळणी पाडला. लोहाची गोळी शाळेतून आल्यावर दुपारच्या जेवणानंतर, वर लिंबाचं सरबत आणि तासभर चहा नाही, कारण चहा लोहालाही अडवतो. कॅल्शियम रात्री. बायोटिन बंद. हाच बदल बाईंना सगळ्यांत जड गेला, त्याविषयी पुढे.

गोळ्यांची बाटली चुलीच्या वरच्या फळीवर असायची, ती कपाटात गेली. लिव्होथायरॉक्सिनला उष्णता आणि दमट हवा मानवत नाही, आणि आपल्याकडे मृगापासून पुढे सगळंच दमट.

सासूबाईंनी कोबी आणि फ्लॉवर बंद केला होता, तो परत सुरू केला. शिजवून रोजच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही. कोणीतरी आयोडीन जास्त घ्यायलाही सुचवलं होतं. भारतात खायला विकलं जाणारं मीठ आयोडीनयुक्त असावं असा नियम २००६ पासून पुन्हा लागू आहे. घरात आगरातलं गावठी मीठ असलं तरी पाकिटातलंही असतंच, आणि समुद्राची मासळी आठवड्यातून चारदा पानात असते. शिवाय बाईंचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नाही, ग्रंथीवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्याचा आहे. हाशिमोटोमध्ये जास्तीचं आयोडीन अपायच करू शकतं.

व्यायाम : थांबवायचा नाही, ढकलायचाही नाही

जिम सोडून देऊ का, असं बाईंनी विचारलं. घरच्यांचं उत्तर तयार होतं : आराम कर. ट्रेनरचंही तयार होतं : थोडं पुश करा. मला दोन्ही पटत नव्हती. पडून राहिलं तर आधीच कमजोर झालेल्या मांड्या आणखी झिजतात. उलट हार्मोन कमी असताना स्नायूवर ताणाचा भार टाकला तर तो भरून निघण्याआधी पुन्हा फाटतो. जानेवारीपासून नेमकं तेच चाललं होतं.

पहिल्या सहा आठवड्यांसाठी खोल बैठका, लंजेस, उड्या, उतार उतरणं पूर्ण बंद. पायऱ्या उतरणंही शक्य तितकं कमी, कारण उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत भार पेलतो आणि सर्वांत जास्त इजा त्यातच होते. चालणं वीस मिनिटांवर आणलं, एका दमात पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. ट्रेनर मनगटावरच्या घड्याळात ‘२२० वजा वय’ बघून टक्केवारी काढायचा. तो हिशेब मी बंद करायला सांगितला. हायपोथायरॉइडिझममध्ये हृदय वेग वाढवायला कुचराई करतं. नाडी ११५ वर अडकलेली असते आणि माणूस आतून पार दमलेला असतो. अशा वेळी घड्याळ म्हणतं ‘अजून जोर लावा’.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. उंच खुर्चीवर उशी ठेवून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, झोपून कंबर उचलणं. सगळं सहा-सात वेळा, दमायच्या आधी थांबायचं. मोजमाप एकच ठेवलं. व्यायामानंतर दोन दिवसांनी सकाळी मांड्या दुखत असतील तर पुढच्या वेळी निम्मं. बाईंनी हे शाळेच्या हजेरीपटासारख्या वहीत लिहायला सुरुवात केली, रकाने आखून, लाल शाईने. शिक्षिका रुग्ण असल्याचे फायदे असतात.

धोक्याच्या खुणाही सांगून ठेवल्या. लघवी काळ्या चहासारखी झाली तर व्यायाम तिथेच थांबवून त्याच दिवशी इस्पितळात जायचं, कारण स्नायू मोठ्या प्रमाणात तुटला की त्यातलं द्रव्य मूत्रपिंडांना इजा करतं. छातीत दुखणं, पाय सुजणं, गोळी वाढवल्यावर धडधड, यांपैकी काही झालं तर डॉक्टरांना फोन. आणि पाणी तहानेइतकं. ‘व्यायाम करतेस तर चार लिटर पी’ हा सल्ला या आजारात बरा नाही, शरीर जास्तीचं पाणी नेहमीच्या वेगाने बाहेर टाकत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. घामही कमी येतो, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यात दुपारचं काही नको.

ट्रेनरशी मी स्वतः बोलले. तरुण मुलगा, समजूतदार. “मॅडमनी थायरॉइड आहे एवढंच सांगितलं होतं, आणि रिपोर्ट नॉर्मल,” तो म्हणाला. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नव्हती. पुढे त्यानेच बाईंसाठी कमी-जास्त होणारी बैठकीची उंची बनवली, पेट्यांवर पेट्या रचून. मला ती कल्पना इतकी आवडली की ती मी उचलली.

पुढचे महिने

सहा आठवड्यांनी, शाळेतल्या पावसाळ्याच्या गडबडीत, टीएसएच ६.८ आलं. गोळी तीच होती, बदलली होती फक्त घेण्याची पद्धत. फिजिशियननी डोस ८८ केला. सीपीके ३४०. खुर्चीची चाचणी बारा. पाळीतला रक्तस्राव कमी व्हायला लागला होता. स्त्रीरोगतज्ज्ञांची सोनोग्राफी आधीच स्वच्छ होती. हिमोग्लोबिन ११.१.

जूनमध्ये नदीकाठ बंद झाला. वाळवंटीला पाणी चढलं की तो रस्ता चालण्याजोगा राहत नाही. मग देवळाच्या सभामंडपात फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्या बघून आणखी दोघीजणी येऊ लागल्या. चालणं पस्तीस मिनिटांवर गेलं. पेट्यांची उंची दर दोन आठवड्यांनी एक-एक पेटी कमी. या टप्प्यावर बाईंचा धीर सुटला होता, कारण वजन जेमतेम एक किलो उतरलं होतं. लोकांना वाटतं की गोळी लागू पडली की वजन गळून पडेल. हायपोथायरॉइडिझममुळे वाढलेलं वजन सहसा दोन ते चार किलोंचं असतं आणि त्यातलं बरंच मीठ-पाण्याचं. उरलेल्याचा हिशेब इतरांसारखाच, जेवण आणि हालचाल. हे ऐकून बाई खूश झाल्या नाहीत, पण त्या महिन्यापासून संध्याकाळच्या चहासोबतचं बिस्किट त्यांनी स्वतःहून सोडलं.

जुलैअखेर एकदा घसरण झाली. घरी पाहुणे, दोन दिवस उभं राहून स्वयंपाक, आणि तिसऱ्या दिवशी ‘जमतंय का बघू’ म्हणून गटातल्या मुलींसोबत बसफुगडी. चार दिवस मांड्या धरल्या. वहीत ती नोंद लाल शाईतच होती, खाली दोन रेघा. आम्ही एक आठवडा मागे आलो, इतकंच. लघवीचा रंग ठीक होता, ताप नव्हता, घाबरण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर फुगडीचे तुकडे पाडले. आधी उभ्याची, संथ, गाणं अर्ध्या लयीत. मग आधाराला खुर्ची धरून नुसतं उकिडवं बसणं, उडी नाही. मग जोडीदारणीचे हात धरून बसणं आणि तिच्या आधाराने उठणं. मग एकेक पाय. उड्या शेवटच्या तीन आठवड्यांत, तेही आठवड्यातून दोनदा आणि दहाच्या आत. गटातल्या बायकांना एक सूचना होती. बाईंना हाताला धरून वर खेचायचं नाही, मनगटं आधीच दुखरी होती. त्याऐवजी कोपराखाली आधार द्यायचा.

ऑगस्टच्या मध्याला टीएसएच २.६. या वेळी रक्त घ्यायच्या आधी प्रयोगशाळेतल्या मुलीला बाईंनी आपण होऊन सांगितलं की बायोटिन घेत नाही. तिने म्हणे विचारलं, “ते काय असतं?” फ्री टी-४ १.३, सीपीके १९०. खुर्चीची चाचणी पंधरा. रक्तदाब १२८/८४, नाडी ६८. एलडीएल १४१ वर आलं. स्टॅटिनचा निर्णय फिजिशियननी सहा महिने पुढे ढकलला. घोट्याचं रिफ्लेक्स आता चटकन परत येत होतं. ते बघायला मी बाईंच्या नवऱ्यालाही बोलावलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

चवथीला बाईंनी उभ्याच्या सगळ्या फुगड्या घातल्या. बसफुगडी एका घरी, एकाच गाण्यापुरती, आणि उठताना कोपराला हात लागला. स्पर्धेत मात्र त्या बसफुगडीला उतरल्या नाहीत, ती जागा त्यांनी गटातल्या धाकट्या मुलीला दिली आणि स्वतः गाणं धरलं. हा निर्णय त्यांचा होता. मला विचारलं असतं तर मी अर्ध्या गाण्याला हो म्हटलं असतं.

मनगटाच्या मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत. रात्री पट्टा बांधतात, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. वजन एकूण अडीच किलो उतरलं. पुढची टीएसएच तपासणी फेब्रुवारीत, आणि पाळी जायच्या दिवसांत गरज पुन्हा बदलू शकते हे फिजिशियननी सांगून ठेवलंय. केस अजून गळतात. थायरॉइड स्थिर झाल्यावरही केसांना मूळ धरायला काही महिने लागतात, हे मी दोनदा सांगितलं. बाईंचं म्हणणं, बायोटिन बंद केल्यामुळेच गळतात, आणि त्याबद्दल त्या माझ्यावर अजून नाराज आहेत. शेवटी एवढ्यावर तह झालाय की केसांसाठी कुठलीही गोळी घेण्याआधी तिचं पाकीट मला दाखवायचं.